अख्खा माणूस

आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंना "तुमची तब्येत कशी आहे?" असं विचारलेलं खपत नसे. "मी कशी आहे ते विचार," त्या म्हणत. "तब्येत काय माझ्या शेजारी राहते?" कुणी "आज अंग दुखतंय" म्हटलं तरी तेच. अंग दुखत नाही, तू दुखतेस, असं त्या बजावून सांगत आणि मग पिशवीतून बाम काढून देत. नव्या शिक्षकांना हे ऐकून हसू येई. जुने शिक्षक बाम घेऊन गप्प बसत.

मी महाडला विज्ञान शिकवायला लागले तेव्हा बाई त्या शाळेत पार मुरलेल्या होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. गावात त्यांच्या धर्माची दोन-चार घरं, रविवारी त्यांतल्याच कुणाकडे तरी जमून उपासना व्हायची. बाकीचे सहा दिवस उपासना आमच्या स्टाफरूममध्ये असते, असं हेडमास्तर म्हणत. कारण विषय बदलीचा असो की भेंडीच्या भाजीचा, बाई त्याची गाडी आत्म्यापाशी आणून उभी करत. पाठीमागे आम्ही त्यांना 'आत्माबाई' म्हणायचो. आपल्याला कळलेलं नाही असं त्यांनी बरेच दिवस दाखवलं. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून सगळ्यांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घ्या, आत्माबाईंची सुकट. आत्म्याला तिखट चालतं." त्या दिवसापासून आम्ही ते नाव सोडून दिलं, त्यात काही मजाच उरली नाही.

सुरुवातीला काही पालकांना धास्ती होती की ही बाई पोरांना काहीतरी वेगळंच शिकवेल. बाईंनी पोरांना धावायला शिकवलं. धर्माबद्दल कुणी विचारलं तर सांगत, नाही विचारलं तर शिट्टी वाजवत. पण त्यांची शिकवण त्यांच्या वागण्यातून सांडायचीच, त्याला कोण काय करणार?

हजेरीचंच बघा. बाकीचे आम्ही नंबर पुकारून मोकळे व्हायचो. बाई प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं घेत, आणि पोरानं मान वर करून त्यांच्या डोळ्यांत बघितल्याखेरीज पुढचं नाव घेत नसत. पीटीचा निम्मा तास त्यातच जाई. हेडमास्तरांनी एकदा खडसावलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, एकदाच बनवलेली वस्तू आहे. बघून घ्यायला नको?" सर कपाळाला हात लावून केबिनमध्ये निघून गेले.

दुसरी खोड आणखी अवघड. माणूस समोर असताना त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. एखादी आई पोराला पुढे घालून विचारायची, "बाई, हा नीट खेळतो का हो?" बाई वाकून पोरालाच विचारायच्या, "काय रे, नीट खेळतोस का?" आई तशीच ताटकळत उभी. आमच्या शिपायाच्या म्हाताऱ्या वडिलांना ऐकू येत नसे. त्यांना घेऊन तो एकदा शाळेत आला, तर बाई त्यांच्याशीच बोलत राहिल्या, अगदी महागाईपासून पायाच्या कुरुपापर्यंत. म्हातारा नुसता हसत होता. शिपाई म्हणाला, "बाई, त्यांना काय ऐकाया येत नाय." बाई म्हणाल्या, "मी बोलत्ये ते दिसतंय ना त्यांना?"

आता एवढं सगळं सांगितलं म्हणजे वाटेल की बाई म्हणजे साक्षात संतीण. छे. बॅडमिंटन खेळताना ही देवाला भिणारी बाई धडधडीत लबाडी करायची. रेषेबाहेर हातभर पडलेलं शटल त्यांच्या मते आत असायचं. मी एकदा चिडून रॅकेट टाकली आणि विचारलं, वर गेल्यावर याचा जाब द्यावा लागणार नाही का? बाई घाम पुसत म्हणाल्या, "लागणार तर. मलाच द्यावा लागणार, म्हणून तर तुझ्याशी आत्ता भांडून घेत्ये." आणि सर्व्हिस करून मोकळ्या झाल्या.

मी विज्ञानाची, त्यामुळे माझी आणि त्यांची जुंपायचीच. एकदा मैदानावर कसला तरी मंडप घातला होता आणि पीटीचा तास वर्गात होता. मी हृदयाचा तक्ता न्यायला गेले आणि दारातच थबकले. कुणीतरी पोरानं विचारलं होतं, आत्मा कुठं असतो? एक म्हणत होता छातीत, एक म्हणत होता डोक्यात. बाईंनी एका मुलीला मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग त्यांनी तिला पूर्ण नावानं हाक मारली. मुलगी वळली.

"काय वळलं?" बाईंनी वर्गाला विचारलं.

"मान," पोरं म्हणाली.

"नुसती मान?"

पोरं घोटाळली. कुणी म्हणालं डोळे, कुणी पाय. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ती अख्खीच वळली."

"हां," बाई म्हणाल्या. "हाक मारल्यावर जी अख्खी वळते, तीच. तिच्या आत कुठं पुडी बांधून ठेवलेली नाही. देवानं मातीत फुंकर घातली, आणि माती वळून बघायला लागली."

नंतर मी स्टाफरूममध्ये म्हटलं, की बाई, ती मुलगी कानानं ऐकून, मेंदूनं ठरवून, नसांमुळे वळली. "मग? मी कुठं म्हटलं नसांवाचून वळली?" असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातली एक पोळी उचलली. मी वाद घालायचं थांबले, पण त्या मुलीचं ते वळणं कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. रोज शेकडो पोरं माझ्याकडे वळून बघत होती आणि त्याचं नवल मला कधी वाटलं नव्हतं.

मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटतो तेव्हा बाई दर वर्षी जायच्या. गर्दीच्या कडेला उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत राहायच्या. मला एकदा बरोबर नेलं. कडेवर पोर घेतलेल्या बाया, पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे, कुठून कुठून आलेली माणसं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढी तोंडं," त्या म्हणाल्या, "आणि एकासारखं दुसरं नाही. देवाला घडवताना कंटाळा कसा येत नसेल गं?" मग जरा वेळानं म्हणाल्या, की या माणसांना पाण्याला हात लावायची बंदी होती, म्हणजे देवाच्या श्वासालाच बंदी होती, आणि ती घालताना कुणाचा हात अडखळला नाही. एवढं बोलून त्या पुन्हा चेहरे बघू लागल्या. आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथं होतो.

एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं त्यांना छेडलं. म्हणाला, आमच्यात आत्मा जुने कपडे टाकतो आणि नवे घालतो, लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलोय. बाईंनी आदरानं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमच्यात कपड्यांसकट माणूस. पुन्हा उठवलं तरी अंगासकट उठवणार." नवऱ्यानं विचारलं, आणि जन्म एकदाच? "एकदाच," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा आधी झाला नाही, पुढे होणार नाही. मला तर तुम्हाला आमटी वाढतानासुद्धा भीती वाटते." नवरा हसला, पण वाटी धरताना त्यानं दोन्ही हात पुढे केले होते.

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत राहायच्या. एका वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, ओळखही गेली. महाडच्या डॉक्टरांनी आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलं, आणि आम्ही त्यांना त्यांच्याच घरी, वाडीत नेलं. मे महिन्याची सुट्टी होती, मी तिथंच राहिले. पेज, भाताची निवळ असं चमच्यानं भरवायची. त्या गिळायच्या, पण डोळे माझ्यावर न थांबता भिंतीवर जायचे.

मग त्यांना ताप भरला. खाणं थांबलं, घशात घरघर लागली. शेजारच्या चुलत सासूबाई आल्या, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भुईवर घ्या गो हिला." पलंगावर मरण येऊ नये म्हणून माणसाला जमिनीवर घेतात, तसं घेतलं. माझ्या नवऱ्यानं मुंबईला फोन केला. थोरले दीर मुंबईत एका कंपनीत ड्रायव्हर होते. ते दुसऱ्याच दिवशी वीर स्टेशनला उतरले आणि रिक्षा, मिनिडोर करत दुपारी वाडीत पोचले. आईच्या उशाशी बसून म्हणाले, "आये, मी आलोय. आता माझी वाट नको बघू. जा तू."

सासूबाईंनी डोळे उघडले. बायका रडायला लागल्या. पण त्या गेल्या नाहीत.

आमच्याकडे असं झालं की म्हणतात, जीव अडकलाय. मग तो कशात अडकलाय ते शोधायचं आणि त्यातून तो सोडवायचा. चुलत सासूबाईंनी गाय दाराशी आणून उभी करवली. खालच्या शेतातली माती आणून त्यांच्या मुठीत दिली. माहेरच्या माणसांना बोलावलं. कुणी म्हणालं नथीत असेल, नथ दाखवली. सगळं मायेनंच चाललं होतं, कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. तोंडात मात्र तुळशीच्या पानानं पाण्याचा थेंब तेवढा जायचा, कारण निघालेल्या माणसाला कुणी जेवायला वाढत नाही. ताप कधी उतरला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे जाणाऱ्या जीवाकडे लागले होते, अंग कोण चाचपणार?

नवऱ्याकडून कळलं म्हणून बाई आल्या. एसटीनं पोलादपूर आणि पुढे उन्हातून चालत. ओटीवर कॅनव्हासचे बूट काढले, आत आल्या आणि कुणाशी काही न बोलता सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. त्यांचा डावा हात हातात घेतला. नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, जेवलात का?"

मला तर भुईत गडप व्हावंसं वाटलं. बाई वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. सासूबाईंचे ओठ हलत होते, चोखल्यासारखे. ते आम्हीही बघितलं होतं, आणि नाम घेताहेत असं समजून हात जोडले होते.

"यांना भूक लागल्ये," बाई म्हणाल्या. "पेज कर."

चुलत सासूबाई कळवळून म्हणाल्या, "भुईवर घेतलेलं मानूस परत वर घेत नाय हो बाई." बाई म्हणाल्या, नका घेऊ, मी खालीच भरवते. त्यांनी सासूबाईंना दोन्ही काखांत हात घालून उठवलं, आपल्या छातीला टेकवून बसतं केलं आणि मानेला आपला खांदा दिला. इतक्या वर्षांच्या पीटीचा असा उपयोग मी पहिल्यांदा बघितला. मी पेज घेऊन आले तोवर थोरले भाऊजी समोर येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कशाला अडकवताय तिला?" ते म्हणाले. "सुटू दे ना. फुकट हाल."

"त्या कुठं बांधलेल्या आहेत?" बाई म्हणाल्या.

"अहो, ती उरली काय हाय? मला ओळखत नाय ती. पोटच्या पोराला."

"तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"मी ओळखतो."

"मग आत्ता तेवढं पुरे," बाई म्हणाल्या आणि चमचा ओठांना लावला.

सासूबाईंनी गिळलं. दुसरा गिळला. तिसऱ्याला त्यांनीच तोंड पुढे केलं. भाऊजी बाहेर निघून गेले आणि त्याच संध्याकाळी मुंबईला परतले. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, की तुमच्या त्या पीटीच्या बाईनं आयेला धड इकडं ठेवलं नाय, धड तिकडं जाऊ दिलं नाय.

ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. कारण सासूबाई जगल्या खऱ्या, पण तशाच. बोलणं नाही, ओळख नाही. शाळा सुरू झाल्यावर आम्ही त्यांना महाडला आणलं. शाळेआधी आणि शाळेनंतर मी त्यांचं सगळं करत होते, आणि कुणाचं करते आहे हे मला कळत नव्हतं. एका रविवारी बाई उपासना आटोपून आल्या. दर रविवारी येत, सासूबाईंना वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगत, आणि एक-दोन-तीन-चार करत त्यांच्या हातापायांची कवायत घेत. त्या दिवशी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "हाक मारल्यावर जी वळते ती, असं तुम्हीच सांगितलं होतं पोरांना. मी रोज हाका मारते. या वळत नाहीत. मग आता काय?"

बाईंनी कवायत थांबवली नाही. सासूबाईंचा पाय वाकवता वाकवता म्हणाल्या, "आपल्या हाकेला वळत नाहीत. पण हाक मारणारे आपणच एकटे आहोत असं कुणी सांगितलं तुला?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या. मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं, की इथं आत कुणीतरी आहे, आणि मोठ्यानं बोलू नये. माझी श्रद्धा-बिद्धा काही बदलली नाही. मी आजही संकष्टीला मोदक करते. पण त्या दिवसानंतर सासूबाईंची चादर बदलताना माझा हात आपोआप हळू होऊ लागला.

शिमग्याला मुंबईची माणसं घरी येतात. पालखी घरी यायची म्हणून आम्ही सासूबाईंना घेऊन वाडीत गेलो होतो. भाऊजीही रात्रभराचा प्रवास करून सकाळी आले, आणि आल्या आल्या पोरांनी त्यांना पालखीच्या तयारीला ओढून नेलं. दुपारी घरात आले तर बाई ओटीवर बसलेल्या. रविवार होता, म्हणून त्या एवढ्या लांब आल्या होत्या. भाऊजींनी त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि थेट आत आले.

माझे हात पुरणात होते. सासूबाईंची जेवायची वेळ झाली होती. मी भाऊजींना म्हटलं, जरा तुम्ही भरवा. ते वाटी घेऊन अवघडल्यासारखे पलंगाच्या कडेला टेकले. मऊ भात होता, वरणात कालवलेला. पहिले काही घास सासूबाईंनी घेतले. मग ओठ मिटले.

"आये, घे ना," भाऊजी म्हणाले.

ओठ उघडेनात. त्यांनी चमचा पुन्हा पुढे केला. तेव्हा सासूबाईंचा डावा हात वर आला. तो हात तोवर चादर धरून ठेवण्यापलीकडे आपणहून काही करत नसे. तो सावकाश हवेतून गेला, चमचा धरलेल्या भाऊजींच्या बोटांवर बसला आणि ती बोटं हळूहळू फिरवू लागला. निम्मा भात पलंगावर सांडला. चमचा भाऊजींच्या तोंडाकडे वळला आणि तिथं थांबला.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडे. "हिनं ओळखलं काय मला?"

सगळ्याच प्रश्नांना उत्तर असणाऱ्या आमच्या बाई. "मला नाही माहीत हो," त्या म्हणाल्या. "समोरचा जेवला नाही एवढं त्यांना कळलंय."

खरंच भाऊजी सकाळपासून उपाशी होते. हे ना मी विचारलं होतं, ना त्यांनी सांगितलं होतं. सासूबाईंची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, तोंडावर होती, आणि त्यांचा हात दमून खाली यायला लागला होता तरी त्या भाऊजींची बोटं सोडत नव्हत्या.

भाऊजींनी तोंड उघडलं.